यामामोतोचे फोटो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानमधल्या यामामोतो या गावावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप असा, की त्सुनामीत बुडालेल्या घरांतले खासगी फोटो संमतीशिवाय न्यूयॉर्कच्या गॅलरीत लावणं म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची जत्रा. गाव सावरलं का ते घरं, शाळा, रस्ते सांगतील, फोटो नव्हेत, असंही तुम्ही म्हणता.

पण गॅलरी हा या कामाचा अगदी शेवटचा टप्पा होता. 11 मार्च 2011 ला मियागी प्रांतातल्या या किनारी गावात 600हून अधिक माणसं गेली. ढिगारा उपसणाऱ्या जवानांच्या आणि गावकऱ्यांच्या हाती अल्बम लागत राहिले आणि शाळेच्या जिममध्ये त्यांचा ढीग झाला. सुमारे साडेसात लाख फोटो! आपल्याकडे भिंतीवर हार घातलेला फोटो असतो, तसा तिथे गेलेल्या माणसाचा फोटो घरातल्या वेदीजवळ ठेवतात. घरच वाहून गेलं तर तो फोटो आणायचा कुठून? त्यामुळे तो ढीग चाळणं हे रस्ता दुरुस्त करण्याइतकंच निकडीचं होतं, असं मी म्हणेन. स्वयंसेवकांनी फोटो पाण्यात हलक्या हातानं धुतले, वाळवले, डिजिटल प्रती काढून क्रमांक दिले. लोक येऊन आपापले ओळखून घेऊन जात.

प्रदर्शनात आले ते यातून उरलेले, चेहराही न उरलेले फोटो. ते टाकूनच दिले जाणार होते. छायाचित्रकार मुनेमासा ताकाहाशी यांनी ते 2012 मध्ये लॉस एंजेलिसला आणि न्यूयॉर्कला नेले.

या फोटोंवरच्या 'डागांना कलात्मक म्हणता!' हा तुमचा टोमणा वाचला. ते डाग कुणी काढलेले नाहीत हो. रंगीत फोटोच्या कागदावर निळसर थर सर्वांत वर असतो, पिवळा तळाशी. खारट चिखलातले जिवाणू हे रंग धरून ठेवणारं जिलेटिन वरून खात जातात, म्हणून कडांना आधी लाल-पिवळं आणि मग कोरं पांढरं दिसतं. मला त्यात सौंदर्य दिसलं, ते लपवणार नाही.

मात्र संमतीचा तुमचा मुद्दा मलाही पटतो. निम्मा चेहरा जरी ओळखू येत असेल, तर तो फोटो परमुलखातल्या भिंतीवर लागू नये. तो गावातच, पेटीत ठेवावा. घरचं कुणीतरी उशिरा का होईना, विचारत येऊ शकतं.