‘चार तास बसवून ठेवले’ या रिव्ह्यूला बेळगावच्या मोबाईल रिपेअरी दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका. तुमचा एक स्टार काल रात्री जेवताना बघितला, मग जेवण काय गेलं नाही. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, मनापासून. घरी गेल्यावर परत वायफाय लागलं नाही म्हणजे राग येणारच, मला पण आला असता. खरं तुम्ही जे लिहिलाय की ‘साधं वायफाय जोडायला चार तास बसवून ठेवले, दीडशे घेतले, घरी पुन्हा तेच, वर मालक उद्धट, मराठी माणूस म्हणून गेलो ही शिक्षा’, त्यातलं ते चार तासाचं वाचून लई वाईट वाटलं ओ. बाकी एकवेळ राहू दे.

पावतीचं पुस्तक समोर घेऊनच लिहितोय. शनिवारी १२:५० ला फोन घेतला असं माझ्याच अक्षरात आहे. गणपती तोंडावर आलेत, गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, तुम्ही काउंटरवर फोन ठेवलात आणि ‘बाजार करून येतो, बघून ठेव’ म्हणून गेलात. बसलात कुठं? दुकानात स्टूल एकच आहे आणि त्यावर त्या दिवशी एक बाई चार्जरच्या वायरीसाठी बसल्या होत्या. एक वाजता पोरानं फोन हातात घेतला तर पॅटर्न लॉक. पॅटर्न सांगायचा राहिला, होतं असं, गडबडीत मी पण विचारला नाही. म्हणून पावतीवर जो नंबर तुम्ही दिला होता त्यावर लावलो. आणि काका, तो फोन आमच्याच काउंटरवर वाजायला लागला. ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत गरगर फिरत फिरत कडेला आला, पोरगं धरलं म्हणून खाली पडला नाही. रिपेअरीला दिलेल्या फोनचाच नंबर तुम्ही लिहून दिला होता. आता मी तुम्हाला हुडकायचं कुठं? मारुती गल्लीत की खडेबाजारात? पोराला एकदा कोपऱ्यापर्यंत पाठवलो पण, ते बिचारं गर्दीत जाऊन तसंच परत आलं.

तुम्ही आलात ३:२५ ला, नारळाची पिशवी आणि मखराचं सामान घेऊन. तिथनं पुढं काम सुरू झालं. ३:४० ला लाईट गेली, ४ ला आली, त्यात दुकानाचा वायफायचा डबा बंद, म्हणजे टेस्टिंग पण बंद, तरी मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघत होतो. ४:०५ ला फोन तुमच्या हातात होता, तुम्ही पुण्याच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून बोललात, मी चहा मागवलो, तो पिऊन ४:३५ ला निघालात. सगळं धरून पावणेचार तास होतात, त्यातलं दोन तास पस्तीस मिनिटं तुम्ही बाजारात, आणि काम झालं ४० मिनिटात, लाईट गेलेली वीस मिनिटं धरून. मग ‘चार तास बसवून ठेवले’ हे वाचून येणारं गिऱ्हाईक काय समजणार सांगा.

आता दीडशेचं. तुम्ही म्हणता ‘नुसती तारीख बदलली’. बरोबर आहे, शेवटी तारीखच बदलली. खरं ती तारीख चुकलीय हे हुडकायचंच काम असतंय की. आमच्या वायफायला फोन लागत होता, खाली मात्र ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ येत होतं, हॉटस्पॉटवर पण तेच, म्हणजे दोष डब्याचा नाही, फोनचा. सेटिंगमध्ये वायफायचा मॅक अॅड्रेस, म्हणजे वायफायवर फोन ओळखायचा नंबर, नीट दिसत होता, म्हणजे आतली चिप जिवंत आहे. चिप गेली असली तर तिथं काहीच येत नाही किंवा जवळपास सगळी शून्यं येतात, आणि वायफायचं बटणच पुष्कळदा चालू होत नाही. मग घड्याळ बघितलो तर तुमचा फोन पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात जाऊन बसलेला, आणि ऑटोमॅटिक तारीख बंद. तुम्हीच म्हणालात नातू गेम खेळतो. गेममध्ये लाईफ संपली की पोरं तारीख पुढं सरकवतात, लाईफ भरून येते, आणि तारीख तशीच राहते. आता प्रत्येक साईटला ती खरी आहे म्हणून सांगणारं एक सर्टिफिकेट असतंय, त्याला मुदत असते, फोनला वाटतं मुदत कधीच संपली, म्हणून ते काहीच उघडू देत नाही, आणि आपण म्हणतो वायफाय गेलं. दुसऱ्या कुणी ‘आयसी (आतली चिप) गेलाय, दोन-अडीच हजार होतील, फोन ठेवून जा’ म्हटलं असतं तर तुम्ही दिला असतात. मी खरं ते सांगितलं तर दीडशे डोळ्यात आले.

एक चूक मात्र आमची. तारीख सापडायच्या आधी पोरानं तुम्हाला न विचारता नेटवर्क सेटिंग रिसेट मारलं. त्यात सेव्ह केलेले सगळे वायफाय जातात, गाडीचा ब्लूटूथ पण गेला म्हणालात तो त्यामुळंच. फोटो, नंबर काही जात नाही त्यात, तेवढं तरी बघा. खरं विचारायला पाहिजे होतं. पोरगं नवीन आहे, बोललो त्याला.

आणि घरी का लागलं नाही ते मी रविवारी फोनवर सांगायलाच लागलो होतो, तुम्ही काकूंच्या फोनवरनं लावला होतात. मी विचारलं काकूंचा फोन घरात चालतोय का, चालतोय म्हणालात. टीव्ही? तो पण. पासवर्ड? दोनदा घातला, मोठी-छोटी अक्षरं बघून, तरी ‘पासवर्ड तपासा’ म्हणतंय. मग विचारलं डबा कुणी बसवला, तर मुलानं, दिवाळीला आला तेव्हा, शेजारच्यांनी फुकट वापरू नये म्हणून घरातल्या फोनचीच यादी घालून गेलाय. तिथंच सगळं आहे काका. डब्यातल्या यादीत तुमच्या फोनचा खरा मॅक अॅड्रेस आहे, आणि अँड्रॉइड १० पासून फोन नवीन वायफायला स्वतःचा खरा अॅड्रेस देतच नाही, बनवलेला देतो, कुणी पाळत ठेवू नये म्हणून. मुलानं तेव्हा ते सेटिंग बदलून ‘फोनचा मॅक’ केलेलं असणार, आमच्या रिसेटनं ते परत मूळच्यावर आलं. आता डबा म्हणतोय हा कोण नवीन माणूस, आत सोडत नाही, आणि फोन नाव सांगतोय पासवर्डचं. वायफायच्या नावावर दाबून प्रायव्हसीत जायचं आणि ‘रँडमाइज्ड मॅक’, म्हणजे तो बनवलेला, काढून ‘फोनचा मॅक’ करायचं, दोन मिनिटाचं काम.

हे मी सांगताना तुम्ही म्हणालात ‘मला ते मॅकबिक सांगू नकोस, घरी येऊन करून दे’. मी म्हणालो ‘काका, हे फोनचं नाही, तुमच्या घरच्या डब्याचं आहे’. हे उद्धट झालं का? मला वाटतं आवाज जरा चढला असेल, समोर तीन गिऱ्हाईकं उभी होती. तुम्ही फोन ठेवलात आणि संध्याकाळी स्टार आला.

मराठी माणूस म्हणून आलात त्याचा आनंदच आहे. खरं आमच्याकडं कन्नड बोलणारे येतात, उर्दू बोलणारे येतात, खानापूरकडनं एसटी पकडून येतात, सगळ्यांना पावतीवर एकच रेट. तुम्हाला जास्त लावले नाहीत आणि कमी पण लावले नाहीत. अकरा वर्षं झाली या खोलीत, भाडं दर वर्षी वाढतंय, आणि आता लोक दुकानात पाय ठेवायच्या आधी मोबाईलवर स्टार बघतात. एक स्टार म्हणजे आमच्यासाठी काय असतंय ते तुम्हाला सांगून कळणार नाही, राहू दे.

जाता जाता अजून एक, तुमच्या घरातल्या दोन वायफायपैकी ज्याच्या नावापुढं ‘५जी’ आहे ते माळ्यावर येत नाही अशी पण तक्रार होती. ते सिमचं ५जी नव्हे. ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, स्पीड चांगला देतं खरं जाड भिंतीतनं पुढं जात नाही, आणि तुमचं घर जुनं, भिंती हातभर रुंद म्हणालात. वर बसून वापरायचं असेल तर दुसरं, २.४ चं, तेच धरा.

इथनं पुढं पावतीवर दुसऱ्या माणसाचा नंबर घेणार, रिसेट विचारूनच करणार, पोराला शिकवणार, इनव्हर्टरचं पण बघतोय. दीडशे परत पाहिजे असतील तर घेऊन जावा, पावती आणा. रिव्ह्यू काढा म्हणत नाही, तेवढं ‘चार तास बसवून’ दुरुस्त केलात तर बरं होईल.

घरी यायचं म्हणालात ना, गणपती होऊ देत, सोमवारी दुकान उघडायच्या आधी येऊन जातो, पैसे नकोत. त्याच्या आधी मुलाला फोन करून डब्याचा अॅडमिन पासवर्ड विचारून ठेवा, डब्यातली ती यादी बघायला लागली तर. वायफायचा नव्हे, अॅडमिनचा. तो वेगळा असतोय.