एली दे ला क्रूझचा खेळ "नुसता दिखावा" आहे का? एकेका आरोपाला उत्तर

सिनसिनाटी रेड्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) एली दे ला क्रूझ याच्या कुठल्याही व्हिडिओखाली थोड्याफार फरकाने एक मजकूर हमखास सापडतो: "पोरगं रील्ससाठी खेळतं. बेस चोरायचे, पोटावर घसरायचं, होमरन मारून हावभाव करायचे. आणि मोसम संपला की 218 स्ट्राइकआउट, 29 एरर. साधं खेळायला काय होतं?" स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद, एरर म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक. दोन्ही आकडे 2024 च्या मोसमातले आणि खरे आहेत. दोन्हींत तो त्या वर्षी मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) सर्वांत वर होता. घोळ आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

"हावभाव म्हणजे समोरच्याचा अपमान." हा आरोप बहुतेक जुलै 2023 च्या प्रसंगावर उभा असतो. पदार्पणाला जेमतेम महिना झाला होता. वॉशिंग्टन नॅशनल्सचे मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ यांनी त्याच्या बॅटच्या मुठीवर बसवलेल्या टोपणावर हरकत घेतली आणि अंपायरांनी ते काढायला लावलं. त्याच सामन्यात त्याने 455 फुटांचा होमरन मारला आणि मुठीकडे बोट दाखवलं. खोडसाळपणा होता, यात वाद नाही. पण चेंडू कुंपणापलीकडे गेल्यावर केलेल्या हावभावाने संघाचं नुकसान शून्य. नुकसान होतं ते चेंडू जिवंत असताना: होमरन समजून बॅटर बघत उभा राहतो, चेंडू भिंतीवर आपटून मैदानात परततो आणि दोन बेसचा फटका एकावर येतो. असं करणाऱ्याला जरूर झापा. बोट दाखवणाऱ्याला कशाला?

"चोऱ्या म्हणजे फुगवलेला आकडा." इथे जरा थांबायला हवं, कारण हिशेब सोपा आहे आणि तो कोणी करत नाही. बेस चोरला, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठला, की संघाला अंदाजे 0.2 धावेचा फायदा; पकडला गेला तर अंदाजे 0.4 धावेचा तोटा, कारण धावणारा जातो आणि एक आउटही जातो. म्हणजे तीन प्रयत्नांत दोन यशस्वी झाले तर बरोबरी, त्याखाली घाटा. 2024 मध्ये त्याने 67 बेस चोरले, 16 वेळा सापडला. फायदा 13.4, तोटा 6.4, निव्वळ कमाई सुमारे 7 धावा. यशाचं प्रमाण 81 टक्क्यांच्या आसपास. टक्केवारीत तो लीगच्या सरासरीहून फार पुढे नाही, हेही खरं. पण सरासरी खेळाडू ही टक्केवारी मोजक्या, हमखास संधी निवडून राखतो. याने ती 83 प्रयत्नांत राखली.

चोरी डायमंडवर (चार बेसच्या चौकोनात) ठरते ती अशी: पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरकडे पोचायला साधारण 1.3 सेकंद, कॅचरने उचलून दुसऱ्या बेसवर फेकायला आणखी 2 सेकंद. एकूण 3.3. बेसमधलं अंतर 90 फूट, त्यातले 12 फूट आघाडी घेऊनच उभं राहायचं. पूर्ण वेगात सेकंदाला 30 फूट कापणाऱ्यालाही, शून्यापासून वेग घ्यायचा असल्याने, उरलेल्या अंतराला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून निर्णय पायांपेक्षा सुरुवातीवर असतो: पिचरची पुढची टाच उचलली गेली की लगेच पहिलं पाऊल. टाचेऐवजी चेंडूकडे बघत बसलात की गेलात. 2023 च्या नियमांनी धावणाऱ्याला मदत केली. बेस 15 वरून 18 इंचांचे झाले, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. शिवाय पिचरला एका बॅटरमागे दोनदाच माउंडवरच्या (पिचरच्या उंचवट्यावरच्या) पट्टीवरून पाय काढता येतो. तिसऱ्यांदा काढून धावणारा बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस फुकट. दोन संधी संपल्या की दे ला क्रूझसारख्याची आघाडी आणखी वाढते.

8 जुलै 2023 ची गोष्ट तर निव्वळ निरीक्षणाची. मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध सातव्या इनिंगमध्ये त्याने दोन चेंडूंच्या अवधीत दुसरा, तिसरा आणि होम (जिथे पोचल्यावर धाव मिळते) असे तिन्ही बेस चोरले. होम चोरला तो पिचर एल्विस पेगेरो चेंडू हातात घेऊन, पाठ फिरवून माउंडकडे निघाला तेव्हा. टाइम मागितलेला नव्हता, म्हणजे चेंडू जिवंत होता. याला दिखावा म्हणायचं असेल तर पिचरच्या निष्काळजीपणाला काय म्हणणार?

"पोटावर घसरणं स्टाइलसाठी." नाही, हातासाठी. पाय पुढे टाकून घसरलात की पाय जिथे चाललाय तिथेच जातो. डोकं पुढे टाकून घसरलात तर हात शेवटच्या क्षणी मागे घेता येतो: टॅग (चेंडू धरलेला ग्लोव्ह अंगाला लावणं) उजवीकडून येतोय असं दिसलं की उजवा हात आखडायचा, अंग किंचित वळवायचं आणि डाव्या हाताने बेस पकडायचा. घसरायला बेसच्या आधी आठ-दहा फुटांवर सुरुवात. उशीर झाला तर वेगाने माणूस बेसवरून पुढे जातो, हात क्षणभर सुटतो, आणि क्षेत्ररक्षकाने ग्लोव्ह अंगावर टेकवून ठेवला असेल तर रिप्लेमध्ये आउट. बोटं आणि अंगठा मोडण्याचा धोका खराच आहे, म्हणूनच हल्ली धावणारे हातावर स्लाइडिंग मिट (बोटं वाचवणारा कडक हातमोजा) चढवतात. पहिल्या बेसवर डाइव्ह मारणं मात्र बहुतेक वेळा खुळेपणाच, कारण तिथे बेस ओलांडून धावत जायला मुभा आहे. टीका करायची तर तिथे करा.

"29 एरर म्हणजे बेफिकिरी." एरर मोजला जातो तो चेंडूपर्यंत पोचल्यावर. जो पोचतच नाही त्याच्या नावावर एररही नाही, फक्त समोरच्याचा हिट. 2024 मध्ये 'आउट्स अबव्ह ॲव्हरेज' या मोजमापात दे ला क्रूझ सरासरी शॉर्टस्टॉपच्या दहापेक्षा जास्त आउट पुढे होता, आणि तेही हे 29 एरर धरून. जुलै 2023 मध्ये त्याने ताशी 97.9 मैलांची फेक करून बॅटर बाद केला. इनफिल्डमधून तोवर मोजलेली ती सर्वांत वेगवान फेक होती. 130 फुटांवरून 85 मैलांच्या फेकीशी तुलना केली तर सुमारे 0.14 सेकंद वाचतात. तेवढ्यात बॅटर साडेतीन फूट धावतो, म्हणजे जवळपास अर्धं पाऊल. याच हाताच्या भरवशावर तो मागे उभा राहून जास्त जागा व्यापतो. तोटा असा की घाईत, पाय न रोवता फेकलेला चेंडू याच वेगाने फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून जातो.

"218 स्ट्राइकआउट." हा आरोप बरोबर आहे, फक्त स्टाइलशी त्याचा संबंध नाही. उंची सहा फूट पाच इंच. स्ट्राइक झोन (चेंडू स्ट्राइक धरला जातो ती चौकट) गुडघ्याच्या खालपासून खांदे आणि कंबर यांच्या मध्यापर्यंत, म्हणजे त्याचा झोनही उंच. लांब हातांमुळे बॅटचा फेरा मोठा, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि झोनमधून खाली बाहेर पडणाऱ्या वळत्या चेंडूला तो फसतो. त्यात डावखुरा आणि उजवा अशा दोन्ही बाजूंनी बॅटिंग, म्हणजे दोन स्विंग दुरुस्त ठेवायचे. उपाय चेंडू सोडण्यात आहे, हावभाव सोडण्यात नाही. 2023 मध्ये 98 सामन्यांत 35 वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस) होते, 2024 मध्ये 160 सामन्यांत 69. 2025 मध्ये पूर्ण 162 सामने खेळून स्ट्राइकआउट 181 वर आले. त्याच वर्षी चोऱ्या मात्र 37 वर घसरल्या, आणि मोसमाच्या उत्तरार्धात तो मांडीच्या दुखापतीसह खेळत होता.