रक्तगट एकच निघाला म्हणून सोयरीक मोडू नका

‘नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल व्यंग घेऊन जन्मतं’ हा मेसेज लग्नसराईत पुन्हा फिरतोय. साफ खोटं आहे. दोघंही बी पॉझिटिव्ह असली तरी त्यामुळे बाळाला काही होत नाही. (पत्रिकेतल्या एकनाडीचाच हा नवा अवतार दिसतो!)

जपायचं ते आई आरएच निगेटिव्ह (म्हणजे रक्तगटापुढे ‘निगेटिव्ह’ लिहिलेली) आणि बाळ पॉझिटिव्ह असताना. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, तिच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध लढणाऱ्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढच्या खेपेला त्या पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. त्या तयार होण्याआधीच अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं: साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत. गर्भपात झाला तरीही डॉक्टरांना विचारा.