स्कूटरमुळे फ्रीडायव्हिंग सेफ होतं? नाही होत

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, ‘अंडरवॉटर स्कूटर घ्या, पाय मारावे लागत नाहीत, दम टिकतो, म्हणजे फ्रीडायव्हिंग एकदम सेफ, बडीपण लागत नाही.’ फ्रीडायव्हिंग म्हणजे हवेच्या टाकीशिवाय, एका दमावर मारलेली खोल बुडी. स्कूटर म्हणजे हातात धरायचं, पाण्यातून ओढत नेणारं बॅटरीवरचं यंत्र, आणि बडी म्हणजे आपल्यावर नजर ठेवणारा जोडीदार. माझ्याकडे स्कूटर आहे, मला ती मनापासून आवडते, पण हे वाचून कोणीतरी खरंच एकटं पाण्यात उतरेल म्हणून लिहितोय.

‘दम टिकतो.’ हो, टिकतो, पण वाचलेला ऑक्सिजन आपण अजून पाच मीटर खाली जाऊन खर्चच करतो ना. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. पायांना काम नाही म्हणजे तो हळूहळू साठतो, मांड्याही भरून येत नाहीत, मग आता वळ असं सांगणारं काही उरतच नाही. त्यात 20 मीटरवर दाब वरच्या तिप्पट, फुफ्फुसात 7 टक्के ऑक्सिजन उरला तरी शरीराला तो वरच्या 21 टक्क्यांसारखाच, डोकं साफ चालतं. वर येताना दाब उतरतो आणि तोच ऑक्सिजन पुरेनासा होतो. म्हणून ब्लॅकआउट, म्हणजे शुद्ध जाणं, बहुतेक वेळा शेवटच्या 10 मीटरमध्ये किंवा वर आल्यावर काही सेकंदांत होतो, पहिला श्वास घेऊन झाल्यावरसुद्धा.

‘बडी लागत नाही.’ उलट जास्त लागतो, कारण पाय मारणारा माणूस स्कूटरला गाठूच शकत नाही. आम्ही दोरी सोडतो, एक खाली तर दुसरा वर, स्कूटरवाला दोरीपासून लांब जात नाही, वरचा शेवटच्या टप्प्यात त्याला घ्यायला खाली येतो. वर आल्यावर 30 सेकंद नजर चेहऱ्यावर, ओठ निळे पडतायत का, मान हलतेय का. शुद्ध गेली आणि तोंड पाण्याबाहेर धरायला कोणी नसलं तर माणूस बुडतो.

कानाचं तर मेसेजमध्ये नावच नाही. पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. माझी स्कूटर दोन्ही हातांनी धरायची, कानातला दाब सारखा करायला नाक दाबावं लागतं, त्याला हात मोकळा नाही, पहिल्याच दिवशी सहा मीटरवर डाव्या कानात सुई घुसल्यासारखं झालं आणि ट्रिगर सोडेपर्यंत मी अजून खाली गेलो होतो. आठवडाभर कान बंद.

आणखी एक ऐकू येतं, ‘बॅटरी संपली तर स्कूटर सोडून द्यायची.’ आणि मग? एका खोलीनंतर शरीर आपोआप खाली जायला लागतं, तिथून वर यायचं स्वतःच्या पायांनी. स्कूटरशिवाय जिथवर आरामात जाऊन येता तिथवरच स्कूटरने जा.

आणि हेही, ‘डीकॉम्प्रेशन सिकनेस फक्त स्कूबावाल्यांना.’ म्हणजे वर येताना दाब उतरून रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा त्रास फक्त हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्यांना, असं. तसं नाही. पॅसिफिकमधल्या तुआमोतु बेटांवरचे मोती काढणारे पाणबुडे नुसत्या दमावर दिवसभर बुड्या मारायचे, त्यातून चक्कर, लकवा, काही जण गेलेसुद्धा. त्यांच्या भाषेत याला शब्दच आहे, तारावाना. स्कूटरने दमायला होत नाही म्हणून बुड्या वाढत जातात आणि मधली विश्रांती कमी. मी बुडीच्या कमीत कमी दुप्पट वेळ वर थांबतो, खोल गेलो असेन तर त्याहून बराच जास्त, आणि अंदाजाने नाही, घड्याळ बघून.