बंब येईपर्यंत काय करावे?

घराला किंवा दुकानाला आग लागायचीच असेल, तर आधी महिना नीट निवडा. बेळगावकरांना डिसेंबरसारखा महिना नाही. अधिवेशनासाठी अख्खं सरकार बेंगळुरूहून हलग्याजवळच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, उतरलेलं असतं, रस्त्याला ताजं डांबर असतं, सरकारी गाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या असतात. आग हलग्याच्या बाजूला लागली तर सोन्याहून पिवळं. मे महिन्यात, भर दुपारी, रविवार पेठेत आग लावून घेणारा माणूस मात्र अविचारीच म्हणायचा.

बंब आलाच तर त्याचं वय विचारू नका, वाईट दिसतं. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात, असा केंद्राचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. (तारीख निवडणाऱ्याला दाद द्या.) संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना सूट मिळाली; बंबाचं नाव काही त्या अधिसूचनेत लिहिलं गेलं नाही. आग मोर्चा काढत नाही ना, म्हणून असेल.

नियमात तसं वावगं काही नाही. गाडी रस्त्यावर आली त्याच दिवशी तिची निवृत्तीची तारीख ठरली, मास्तरांची ठरते तशी. मग मास्तरांच्या जागेचं जे होतं तेच बंबाच्याही जागेचं व्हायला नको का? आधी सत्कार, मग जागा रिकामी, मग ती रिकामी असल्याचा अहवाल, मग फाइल. पंधरा वर्षं आधी ठाऊक असलेली गोष्ट दरवेळी अचानक घडवायची, याला अंगी कसब लागतं.

नवीन कधी येणार, असं कुणी विचारलं तर ‘टेंडर निघालंय’ म्हणून सांगा. खोटं ठरणार नाही. इंग्रजीत बंबालाच फायर टेंडर म्हणतात. शिवाय बंब काही शोरूममधून चावी घेऊन आणायची वस्तू नव्हे. ट्रक कंपनीकडून नुसती चासी (इंजिन-चाकांचा सांगाडा) घ्यायची, मग टाकी, पंप, होज पाइपाचे कप्पे दुसऱ्याकडून चढवून घ्यायचे. म्हणजे उशीर करायलाही दोन-दोन ठिकाणं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं आपले आजोबा म्हणायचे. त्यांच्या वेळी निदान बंब कुठंतरी पोचत तरी होता.

तोवर जुना बंब किती चांगला आहे, हे पटवून देण्याची जबाबदारी तुमची. मीटर दाखवा. ‘बघा की, किलोमीटर कितीसे झालेत!’ आगीपाशी उभा राहून बंब तासन्‌तास घुरघुरतो, कारण पंप त्याच इंजिनावर चालतो, आणि तेवढ्या वेळात मीटर एक आकडाही पुढे जात नाही, हे सांगायचं टाळा. इंजिन झिजतं, कागद कोरा राहतो. एअर ब्रेकच्या जुन्या पायपांतून हवा गळत असेल तर प्रेशर भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. त्या वेळेत तुम्ही कपाटातले दागिने आणि रेशनकार्ड बाहेर काढू शकता, ही सोयच झाली. टाकीत 4,500 लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन. ते घेऊन जुन्या ब्रेकवर कपिलेश्वर पुलाचा उतार उतरायचा, म्हणून ड्रायव्हरला दोष देऊ नका. मिनिटाला 1,800 लिटर फेकणाऱ्या पंपाला ही टाकी अडीच मिनिटं पुरते. त्याच्या आत आग विझेल, एवढीच लावावी.

नागरिक म्हणून आपलाही वाटा हवा. पांगुळ गल्लीत मोटारसायकल तिरकी लावा. गणपत गल्लीत दुकानाची फळी हातभर पुढे काढा, शेजाऱ्यानं काढली असेल तर दीड हात. नवा बंब आला तरी तो तोंडाशीच अडकला पाहिजे. मग जुना आणि नवा असा भेदभाव राहत नाही.

आणि काहीच होत नाही, असंही म्हणू नका. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा पाट्या रंगवायला डबा आणि ब्रश वेळेवर मिळाले. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आहे का, हे बघायलाही माणूस न बोलावता येतो. एखाद्या दिवशी तो आला आणि त्याच पाटीनं पेट घेतला, तर त्यालाच थांबवून ठेवा. निदान साक्षीदार तरी होईल.

एवढं सगळं करूनही भीती वाटली तर माळ्यावरचा आजीचा तांब्याचा बंब खाली काढा. अंघोळीचं पाणी तापवायचा तो. भरून दारात ठेवा. मी आमचा परवाच काढला. साठ वर्षांचा आहे, नोंदणी कधी झालीच नाही. तोटी तेवढी गळतेय. बोगारवेशीत डाग देणारा कुणी उरलाय का, विचारत फिरतोय.