फवारणीवाल्या ५ लाखांच्या मेसेजबद्दल खुलासा

ग्रुपवर फिरून राह्यलं की फवारणीनं त्रास झालेल्या शेतकऱ्याले आयसीएमआर (आजार-औषधावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) संशोधनाचे ५ लाख देते, फॉर्मचे ५०० भरा अन् आधार पाठवा. भाऊ हो, हे खोटं हाय. आयसीएमआरचं अनुदान कॉलेज-संस्थेतल्या संशोधकाले भेटते, तेही प्रस्ताव तपासून, अन् पैसा संस्थेकडं जाते, शेतकऱ्याच्या खात्यात नाही. २०१७ ले यवतमाळात फवारणीनं माणसं गेली म्हणून लोकायले असा मेसेज लगेच खरा वाटते, याचंच लय वाईट वाटते. खरंच कोणी रक्ताचा नमुना मागाले आलं तर आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणं आधी सगळं समजावून संमती घ्या लागते, जायचा-यायचा खर्च, बुडालेली मजुरी उलट आपल्याले देता येते. मेसेज पुढं ढकलू नका, टाकला असन तर डिलीट करा.