बधिर बोटं आणि गरम पाणी: एक खुलासा

'पायाची बोटं बधिर झाली म्हणजे नस दबली. कडकडीत गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा, नस मोकळी होते.' हा मेसेज सध्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर फिरतोय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

बधिरपणामागे दरवेळी दबलेली नस नसते. दोन्ही पायांची बोटं सारखीच बधिर असतील, पायात मोजे नसताना मोजे घातल्यासारखं वाटत असेल, तर आधी रक्तातली साखर आणि बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी १२ कमी होऊ शकतं. आणि नेमका अशाच पायाला चटका कळत नाही. पाय बाहेर काढल्यावर फोड दिसतात, मधुमेहात ती जखम चिघळते. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

नस खरोखर दबलेली असते तेव्हा ती बहुधा कमरेत असते. पाऊल शेकून तिथला दाब हटत नाही. कधी ती तासन्‌तास मांडी घातल्याने गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दबते, कधी निमुळत्या बुटात बोटांच्या मुळाशी. तेव्हा बूट पुढून रुंद घ्या, बैठक बदलत राहा.

पाऊल उचलता येत नसेल, बसायची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी अडली असेल तर त्याच दिवशी, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर घरातल्या मधुमेही मंडळींना आजच फोन करून सांगा.